कडबाकुट्टीचं बेअरिंग: उघडं काढून सीलबंद बसवताना

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केलीय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज जरा हाताला ग्रीस लागणारा विषय आहे. मागच्या काही भागांखाली बऱ्याच जणांनी लिहिलं होतं की, दादा, शेतातल्या मशिनींवर पण बोला. तर आज कडबाकुट्टी. त्यातही एकच गोष्ट: मेन शाफ्टचं बेअरिंग. उघडं बेअरिंग काढून सीलबंद कसं बसवायचं, आणि बसवताना माझ्याकडून काय चुकलं.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझ्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. टॉवेल निघतात आमच्याकडे. दिवसभर सुताचा भुगा आणि बेअरिंग, हेच आपलं आयुष्य. आणि माझं आजोळ मंगळवेढा तालुक्यात. मंगळवेढा म्हटलं की ज्वारी आलीच. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. आणि ज्या मालदांडीची भाकरी आपण खातो, ती एम ३५-१ जात आपल्या मोहोळच्या संशोधन केंद्रातली. माणसाला भाकरी आणि जनावराला कडबा, दोन्ही एकाच धाटातून.

आता मुद्द्यावर. दोन वर्षांपूर्वी मामांचा फोन आला. "आरं, कुट्टी लई आवाज करतीया. ये की एकदा." मी म्हटलं, "मामा, या रविवारी नाही जमत, पुढच्या रविवारी येतो. तोवर चालवू नका." मामा म्हणाले, "चालवू नको म्हणजे? दावणीला आठ जनावरं हाईत. त्यांना काय, तुझा रविवार सांगू?"

बरोबरच होतं त्यांचं. मशीन चालूच राहिली. आणि त्या आठवड्यात काय झालं, ते मामीनं मला नंतर सांगितलं, मामांनी नाही.

संध्याकाळची वेळ. कडबा तोंडाशी अडकला. का अडकला, तर बेअरिंग झिजल्यामुळे फ्लायव्हील हलत होतं. फ्लायव्हील हललं की त्यावरचं पातं आणि खालची स्थिर पट्टी यांच्यातलं अंतर वाढतं. अंतर वाढलं की धाट कापलं जात नाही, दुमडतं आणि गुंतून बसतं. तेवढ्यात लाईट गेली. मामा म्हणाले, चला, बरं झालं, आता काढतो. आणि हात घातला तोंडात.

स्विच चालूच होतं.

मामी गोठ्यातून ओरडली, "आधी बटन बंद करा." मामांनी हात मागं घेतला, बटनाकडं वळले, आणि लाईट आली. मोटर आपोआप सुरू झाली. मामांचे बोटं आज शाबूत आहेत ती मामीमुळं.

ही गोष्ट मी सुरुवातीलाच सांगतोय, कारण बेअरिंगचा आवाज ही फक्त कटकट आहे असं आपल्याला वाटतं. बेअरिंग गेलं की मशीन अडकते, मशीन अडकली की माणूस हात घालतो. एवढीच साखळी आहे. बऱ्याच घरगुती कुट्टीला सिंगल फेजची मोटर आणि साधं बटन असतं. असं बटन चालू राहिलं की वीज परत आल्यावर मोटर कोणाला विचारत नाही. स्टार्टर असेल तर तो वीज गेल्यावर सुटतो, पुन्हा बटन दाबावं लागतं. म्हणून पहिलं काम: जमलं तर स्टार्टर बसवून घ्या. आणि दुरुस्तीला हात लावायच्या आधी प्लग काढून खिशात ठेवा. म्हणजे खरंच खिशात नाही मावणार, पण वायर आपल्या नजरेसमोर जमिनीवर पडलेली दिसली पाहिजे. शिवाय फ्लायव्हील जड असतं, बटन बंद केल्यावरही ते फिरत राहतं. पूर्ण थांबल्यावर आऱ्यांमध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा, मगच पाना उचला.

मी पोचलो. मशीन उघडली. आमच्या मशिनीत मेन शाफ्ट एका पाईपसारख्या ओतीव हौसिंगमधून जातो. हौसिंगच्या दोन टोकांना दोन बेअरिंग, मध्ये पोकळी, आणि वर ग्रीस निप्पल. तुमच्यात दोन वेगळे ब्लॉक असू शकतात. पण ज्यांनी कुणी बंगल्याच्या किंवा हॉटेलच्या लॉनवरचं गवत कापायचं मोठं मशीन उघडलंय, किंवा बागेत ट्रॅक्टरमागं चालणारं स्लॅशर, त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. पातं फिरवणारा शाफ्ट, दोन बेअरिंग, मध्ये ग्रीस. रचना तीच, रोगही तोच.

रोग काय? धूळ. आत उघडी बेअरिंग होती, म्हणजे बाजूनं गोळ्या सरळ दिसतात अशी. मामा दर आठवड्याला इमानदारीनं ग्रीस मारायचे. पण कडब्याचा भुसा इतका बारीक असतो की तो बाहेर आलेल्या ग्रीसला चिकटतो आणि हळूहळू आत सरकतो. मी बेअरिंग बाहेर काढलं तेव्हा आतलं ग्रीस काळं आणि घट्ट झालेलं. बोटांत चोळलं तर कचकच लागायचं. पॉलिश पेपर चोळल्यासारखं. ती पेस्ट गोळ्यांच्या वाटेत फिरत होती, रोज, तासभर.

म्हणजे मामांनी काळजी घेतली नाही असं नव्हतं. काळजी घेतली, पण त्या जागेला उघडं बेअरिंगच चालणार नव्हतं.

आता नंबर वाचायला शिकूया, हे मोबाईलमध्ये नोट करून ठेवा. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. समजा ६२०५. पहिला ६ म्हणजे साधं एकेरी ओळीचं बॉल बेअरिंग. दुसरा आकडा २ म्हणजे मालिका, तो ३ असेल तर तेच बेअरिंग अंगानं जाड येतं. शेवटचे दोन आकडे पाचानं गुणा: ०५ गुणिले ५, म्हणजे २५. शाफ्टचं भोक २५ मिलीमीटर. ०४ असेल तर २०, ०६ असेल तर ३०. हा गुणाकार ०४ पासून पुढं चालतो. ६२०५ चं पूर्ण माप: आत २५, बाहेर ५२, जाडी १५ मिलीमीटर. आणि ६३०५? आत २५च, पण बाहेर ६२ आणि जाडी १७. एक आकडा चुकला की हौसिंगमध्ये जाणारच नाही.

नंबरच्या पुढं अक्षरं असतात. खरा खेळ तिथंच.

काहीच अक्षर नसेल तर सहसा उघडं. झेडझेड किंवा टू-झेड असेल तर दोन्ही बाजूला पत्र्याचं झाकण. टू-आरएस असेल तर दोन्ही बाजूला रबरी सील. कंपनीप्रमाणं अक्षरं बदलतात. कुणी डीडीयू लिहितं, कुणी एलएलयू, पण अर्थ तोच: रबर आतल्या रिंगला टेकलेलं आहे.

पत्र्याचं झाकण आणि रबरी सील यातला फरक समजून घ्या, कारण मी पहिल्यांदा इथंच फसलो. पत्रा आतल्या रिंगला टेकत नाही, मध्ये केसभर फट राहते. मोठा खडा अडतो, पण पिठासारखा भुसा जातो. रबर टेकतं, म्हणून ते धूळही अडवतं आणि पाण्याचे शिंतोडेही. किंमत काय तर थोडं घर्षण जास्त आणि वेगाची मर्यादा कमी. पण ६२०५ च्या आकाराला रबरी सील असूनही मर्यादा मिनिटाला आठ हजार फेऱ्यांच्या आसपास असते. आपली मोटर १४४० फेऱ्यांची, त्यात मोठ्या पुलीमुळं शाफ्ट त्याहून कमी फिरतो. म्हणजे वेगाची चिंता आपल्याला नाहीच.

मी दुकानात गेलो, म्हटलं, "सीलवालं द्या." त्यांनी झेडझेड दिलं. मी कडेला झाकण बघितलं आणि खूश होऊन घेतलं. घाईत होतो. चार महिन्यांत परत आवाज सुरू. दोष माझा. मी "सीलवालं" म्हणालो, "टू-आरएस" म्हणालो नाही. बोट लावून बघितलं असतं तरी कळलं असतं. पत्रा कडक लागतो, रबर किंचित दबतं.

दुसऱ्यांदा टू-आरएस आणलं. आता बसवायचं कसं ते क्रमानं सांगतो.

एक. पट्टा काढा, पुली काढा, फ्लायव्हील काढा. काढण्याआधी मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो घ्या. कुठला वायसर कुठं होता हे दोन तासांनी आठवत नाही, कितीही हुशार असा.

दोन. जुनं बेअरिंग पुलरनं ओढा. पुलर नसेल तर गावात ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्याकडं मिळतो, मागून आणा. शाफ्टच्या टोकावर थेट हातोडा मारलात तर टोक फुलतं, मग काहीच निघत नाही.

तीन. हौसिंग आतून रॉकेल किंवा डिझेलनं धुवा, पुसून कोरडं करा. पण नवीन सीलबंद बेअरिंग कधीच धुवायचं नाही. त्यात कारखान्यातूनच मोजून ग्रीस भरलेलं असतं, आतल्या मोकळ्या जागेच्या साधारण पाव ते एक तृतीयांश. बाकी जागा मुद्दाम रिकामी असते, नाहीतर ग्रीस घुसळून बेअरिंग तापतं. "कमी दिसतंय" म्हणून सील उचकटून भरू नका.

चार. शाफ्ट बघा. नवीन बेअरिंग हातानं सरकन गेलं आणि त्यावर फिरायला लागलं, तर शाफ्ट झिजलाय. काही जण तिथं पंचनं ठिपके मारून जागा घट्ट करतात. महिनाभर टिकतं, मग पुन्हा तेच. शाफ्ट लेथवाल्याकडं न्या, भरून घासून माप आणून देईल.

पाच, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. बेअरिंग शाफ्टवर ठोकताना जोर आतल्या रिंगवर पडला पाहिजे. हौसिंगमध्ये ठोकताना बाहेरच्या रिंगवर. उलटं केलंत तर प्रत्येक ठोका गोळ्यांमधून जातो, गोळ्यांच्या वाटेवर बारीक खड्डे पडतात, आणि नवं कोरं बेअरिंग पहिल्या दिवसापासून घरघरतं. योग्य मापाचा पाईपचा तुकडा घ्या, रिंगवर सरळ ठेवा, हळू ठोका. हौसिंग तासभर उन्हात ठेवलंत तरी थोडी मदत होते, लोखंड किंचित फुगतं. आपल्या सोलापूरच्या मार्चमधल्या उन्हाचा एवढा तरी उपयोग. बेअरिंग मात्र गरम तेलात टाकू नका. उघड्या बेअरिंगला ती युक्ती चालते, सीलबंदमधलं रबर आणि ग्रीस दोन्ही खराब होतं.

सहा. दोन बेअरिंगच्या मध्ये एक नळी असते, स्पेसर. ती विसरायची नाही. ती नसेल तर टोकाचा नट आवळताना दोन्ही आतल्या रिंगा एकमेकींकडं ओढल्या जातात, गोळ्यांवर आडवा दाब येतो, आणि बेअरिंग तापून जातं. नट आवळल्यावर शाफ्ट हातानं फिरवून बघा. रबरी सील नवीन असताना थोडं जड फिरतं, ते ठीक. पण अडकत-सुटत फिरलं तर कुठंतरी वाकडं बसलंय, खोला.

झालं. मशीन सुरू केली, आवाज बंद. मामा खूश, मामीनं शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बांधून दिली. मी सोलापूरला परत.

दोन महिन्यांनी गेलो तर मामा ग्रीस गन घेऊन मशिनीपाशी. "आज रविवार, ग्रीसचा दिवस." मी म्हटलं, "मामा, आता सीलबंद आहे, ग्रीस लागत नाही." मामा म्हणाले, "मग हे निप्पल कशाला ठेवलंय रं?"

मंडळी, मामांचा प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर माझ्याकडं नव्हतं, कारण मी निप्पल तसंच सोडून आलो होतो.

विचार करा. मधल्या पोकळीत मामा दर आठवड्याला ग्रीस दाबतायत. पण दोन्ही बेअरिंगच्या आतल्या बाजूला रबरी सील आहे, ग्रीस गोळ्यांपर्यंत जाणार कुठून? पोकळी भरते, दाब वाढतो. हाताच्या ग्रीस गनचा दाब आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार जास्त असतो. तो सीलला आत ढकलतो, सील वाकडं होतं, गोळ्यांच्या जाळीला घासतं. म्हणजे ज्या सीलसाठी पैसे दिले, तेच आपण स्वतःच्या हातानं मोडतो. मी उघडून बघितलं, एका बेअरिंगचं आतलं सील एका बाजूनं उचललेलं होतंच.

यावर दोन सरळ मार्ग आहेत.

पहिला: दोन्ही सील ठेवा, निप्पल काढा, त्या जागी बोल्ट लावून भोक बंद करा. ग्रीसचा विषय संपला. आवाज आला की बेअरिंग बदला.

दुसरा: बसवण्याआधी प्रत्येक बेअरिंगचं फक्त आतल्या बाजूचं, पोकळीकडचं सील बारीक टोकाच्या सुईनं उचलून काढा. बाहेरचं ठेवा. आता पोकळीतलं ग्रीस गोळ्यांपर्यंत जातं, आणि बाहेरची धूळ बाहेरच्या सीलवर अडते. निप्पल कामाचं राहतं. पण मग गन बेतानं चालवायची, कधीतरी दोन-तीन दाब, बस. जास्त दाबलंत तर बाहेरचं सील उडेल. आणि ग्रीस एकाच प्रकारचं ठेवा. लिथियमचं असेल तर लिथियमच, त्यात भलतं मिसळलं तर पातळ होऊन वाहून जाऊ शकतं.

कुठला निवडायचा? रोज बारा-चौदा तास चालणारं मशीन असेल आणि ग्रीस मारणारा माणूस शिस्तीचा असेल, तर दुसरा. घरची कुट्टी, दिवसाला तास-दीड तास, तर पहिला. आम्ही पहिला केला. मामांना जरा वाईट वाटलं. त्यांचा रविवारचा एक उद्योग गेला. म्हणून मी त्यांना दुसरं काम दिलं, ते तुम्हालाही देतो.

दर रविवारी मशीन दहा मिनिटं चालवा, बंद करा, प्लग काढा, फ्लायव्हील पूर्ण थांबू द्या. मग हौसिंगवर तळहात ठेवा. हात आरामात ठेवता आला तर ठीक. चटका बसून हात मागं घ्यावा लागला तर काहीतरी चुकतंय. मग फ्लायव्हील दोन्ही हातांनी धरून पुढं-मागं, वर-खाली हलवा. टकटक जाणवली तर प्ले आलाय. शेवटी पट्टा अंगठ्यानं दाबा. मधोमध साधारण सेंटीमीटरभर दबला पाहिजे. बरेच जण पट्टा घसरतो म्हणून तो तारेसारखा ताणतात. तो ताण चोवीस तास बेअरिंगवर असतो, मशीन बंद असली तरी. सीलबंद असो की उघडं, ताणलेला पट्टा आणि वाकडी पुली दोघांनाही खाते. दोन्ही पुल्यांना एक दोरी लावून बघा, सरळ रेषेत आहेत का.

एक गंमत सांगतो. स्वतःहून सरळ होणारं बॉल बेअरिंग १९०७ साली स्वेन विंगक्विस्त या स्वीडिश माणसानं काढलं. तो गोथेनबर्गमधल्या कापड गिरणीत मेंटेनन्स बघायचा. गिरणीखालची जमीन मऊ, ती खचायची, लांब शाफ्ट वाकडे व्हायचे, बेअरिंग जायची, गिरणी बंद पडायची. वैतागून त्यानं उपाय शोधला आणि त्यातून एसकेएफ कंपनी उभी राहिली. म्हणजे बेअरिंगच्या जगातली एवढी मोठी गोष्ट एका गिरणीतल्या मेंटेनन्सवाल्यानं केली. आपलं सोलापूरही १८७७ पासून गिरणीचं गाव, जुनी मिल तेव्हाची. म्हणून मला हा माणूस आपल्यातलाच वाटतो. त्याची खरी सवय एवढीच होती: गेलेलं बेअरिंग बदलून तो गप्प बसला नाही, ते का गेलं हे त्यानं विचारलं.

खरेदीबद्दल दोन वाक्यं. नावाजलेल्या कंपनीचं बनावट बेअरिंग बाजारात फिरतं. फारच स्वस्त, खोक्यावरची छपाई पुसट, बिल द्यायला टाळाटाळ, असं दिसलं की परत फिरा. काही कंपन्यांची अस्सल-नकली तपासायची ॲप आहेत, फोन हातात आहेच, वापरा. चांगलं टू-आरएस काही शे रुपयांत येतं. जोडी एकदमच बदला. एक नवं आणि एक जुनं ठेवलंत तर महिन्याभरात पुन्हा तेच काम.

मामांची मशीन त्यानंतर अजून बोलली नाही. परवा फोन केला तर म्हणाले, "आवाजच येत न्हाई, चालू हाय का बंद तेच कळंना." मी म्हटलं, "मामा, म्हणूनच आधी प्लग बघत जा." मागून मामीचा आवाज आला, "मी बघते की. त्यांना काय विचारतोस?"

तर या रविवारी आपापल्या कुट्टीचा नंबर वाचा, फोटो काढा आणि खाली कमेंटमध्ये टाका. अक्षरं कळली नाहीत तर विचारा, मला माहीत असेल ते सांगीन. आणि घरात कुणी आवाज करणारी मशीन "चालतंय की" म्हणून चालवत असेल, तर हा भाग त्यांना ऐकवा. भेटू पुढच्या भागात.